काल्याची आमटी आणि पऱ्हाटीच्या कांड्या

यंदा दिवाळी उरकली, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, कराडजवळच्या आमच्या घरामागच्या पडीक तुकड्यात कोप्या (पाचटाच्या झोपड्या) उभ्या राहिल्या, पण त्यात सिंधूची कोपी काही दिसेना. बीड जिल्ह्यातली सिंधू आणि तिचा नवरा अंकुश गेली कित्येक वर्षं न चुकता यायचे. माझ्या हिरव्या मिरच्या आणि तिची बाजरीची भाकरी यांची आमच्यात कायमची देवाणघेवाण. मी काळजीने फोन लावला.

"ताई, ह्या सालाला आमी येनार न्हाई," पलीकडून सिंधू ओरडली. मागे काहीतरी धडधडत होतं.

"का गं? बरं आहे ना सगळं?"

"बरं कावून (का) नसंल? आमच्या बायांच्या गटानं मशीन घेतलीया! पऱ्हाट्यापासून जळण करायलाव. माघात गावात सप्ता हाय, तवा तुमीच या!"

पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर रानात उभी राहिलेली वाळकी झाडं. त्यांच्यापासून इंधन, तेही सिंधूच्या हातचं! मी उडालेच. आमच्या ह्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुला कुणी चुलीतला जाळ दाखवायला बोलावलं तरी तू निघशील. जा, मांजर मी सांभाळतो." आणि माघात मी खरंच निघाले, माझी जुनी लाल गाडी घेऊन, एकटी.

भल्या पहाटे निघून फलटण, बारामती, कर्जत असं करत सकाळी दहाच्या सुमारास आष्टीत शिरले आणि पुढचं चाक बसलं. पंक्चरवाल्या दादांनी चाकातून चांगला बोटभर काटा उपसून माझ्या हातावर ठेवला.

"बाभळीचा हाय, ताई. ह्यो आमच्याकडचा पाहुनचार."

चाक होईपर्यंत मी त्यांना माझ्या प्रवासाचं कारण सांगून टाकलं. कुणी विचारलं नाही तरी सांगायची माझी खोडच आहे. समोरच्या पंपावरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हटलं, "आता पेट्रोलमध्येसुद्धा इथेनॉल असतं बघा. उसापासूनचं."

"म्हंजी आमच्याच हातचं की!" ते हसले. "ह्या आष्टीतली निम्मी मानसं आत्ता उसातच हायती. तोडायचं आमी, जाळायचं तुमी."

ते चेष्टेत बोलले, पण पुढे सगळा रस्ताभर ते वाक्य माझ्याशेजारच्या सीटवर बसून होतं. इथेनॉलचं मला कौतुकच आहे. परदेशातून तेल आणण्यापेक्षा आपल्या रानातलं जाळलेलं केव्हाही चांगलं. पण त्या उसापायी सिंधूला वर्षाचे पाच महिने घराला कुलूप लावावं लागतं, आणि पऱ्हाटी मात्र तिच्या दारातच उभी असते. हा फरक ध्यानात आला आणि मला कधी एकदा पोचते असं झालं.

बीड मागे पडलं. नारायणगडाच्या पाटीला गाडीतूनच हात जोडले. गेवराई तालुक्यात काळी रानं सुरू झाली, मधूनमधून कापसाचे पांढरे धागे अडकलेल्या बोरी-बाभळी. काही रानांतून धुराचे लोट उठत होते. रान मोकळं करायला पऱ्हाट्या बांधावर पेटवून देतात, दुसरं काय! तलवाड्याच्या पुढे डावीकडे एक कच्चा रस्ता फुटतो आणि तिथे सिंधूची वाडी. खरं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात गावातल्या एका मोठ्या माणसाची फजिती आहे.

सिंधू वेशीवरच उभी होती. उसात असताना डोक्याला फडकं आणि अंगात नवऱ्याचा जुना शर्ट घालणारी ही बाई, इथे काठाचं लुगडं नेसून, कपाळाला मोठं कुंकू लावून! मी गाडीतून उतरायच्या आत तिने माझा हात धरला आणि घरी न नेता सरळ मशीनकडे नेलं.

पत्र्याची शेड, आत दोन यंत्रं. एकात पऱ्हाट्यांचा भुसा होतो, दुसरं तो भुसा दाबून मुठीएवढ्या जाडीच्या गोल कांड्या बाहेर ढकलतं. त्यात ना डिंक, ना शेण. नुसता दाब आणि उष्णता. अंकुशने एक कांडी माझ्या हातात दिली. तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी गरम होती ती. मी चक्क टाळ्या वाजवल्या, तशा शेडमधल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"ताई, तिकडं उसाचं आमी सोनं केलं तरी ते दुसऱ्याचं," अंकुश म्हणाला. "हितं काडी बी आपली, जाळ बी आपला."

मग दोघांनी मिळून मला सगळं सांगितलं. जवळची एक डेअरी बॉयलरसाठी कांड्या घेते. रान लवकर मोकळं होतं म्हणून बोंडअळीलाही थारा राहत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्यांची लेक यंदा पहिल्यांदाच जून ते माघ एकाच शाळेत, एकाच बाकावर बसली होती.

"पन ताई, उद्याच्यावर हाय सगळं," ती म्हणाली.

उद्या सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचा. काल्याचं कीर्तन संपलं की अख्ख्या गावाची पंगत. आमटी देवळापुढे मोठ्या कढयांत शिजते आणि भाकरी मात्र घरोघरून येतात. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे दुरडी भरून. सप्ताहाचे कर्ते बाबूअण्णा. गावातली निम्मी बागायत त्यांची, आणि पुढारीही तेच. ते म्हणतील तिकडे गाव जातं. यंदा मोजक्याच लोकांनी सिंधूच्या गटाला पऱ्हाट्या दिल्या होत्या. देवळात सगळ्यांसमोर अण्णा बोलले होते, "काल्याची आमटी तुमच्या कांड्यावर शिजवून दावा. शिजली तर सगळ्या गावाच्या पऱ्हाट्या तुमाला. न्हाई शिजली तर मशीन इका, आन् बसा पुन्हा उसाच्या ट्रॅक्टरात."

गावाच्या पऱ्हाट्या मिळाल्या नाहीत तर मशीन पुढच्या वर्षी चालणार नव्हतं. म्हणजे पुन्हा कोयता, पुन्हा कोपी, आणि लेकीची शाळा पुन्हा अर्ध्यावर.

काल्यासाठी अण्णांनी ऐटीत स्वतःच्या मळ्यातल्या पऱ्हाट्या दिल्या होत्या. दुपार कलताना आम्ही तिथे गेलो. आम्ही म्हणजे कामाला ते, बघायला मी. उसात राबलेली ती माणसं, त्यांचा झपाटा काय वर्णावा! पुरुष लांब दांड्याच्या लोखंडी चिमट्याने झाड उपटतात, बायका मागोमाग मोळी बांधतात, मोळी डोक्यावर, ट्रॉलीत, शेडमध्ये. दिवेलागणीच्या आत रान साफ आणि कांड्यांचा ढीग तयार. मी तर "वा, वा!" करून घसा बसवून घेतला. रात्री सिंधूने शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची वेटोळी रश्शात शिजवून) केले. मी तीनदा वाढून घेतले आणि गाढ झोपले.

सकाळी देवळापुढे गर्दी. मंडपात टाळ-मृदंग, बाहेर चर खणून त्यावर ठेवलेल्या कढया. नामदेव आचाऱ्याने कांड्या रचल्या, पेटवल्या, आणि धूर निघाला. नुसता धूर! पिवळट, डोळ्यांना झोंबणारा. कांड्या धुमसत होत्या, फुगून तडकत होत्या, पण जाळ म्हणून धरेना. मंडपातला मृदंगवाला खोकायला लागला. कढईतलं पाणी शांतपणे बसून होतं.

"उकळंना की गं, सिंधे!" आचारी कळवळून म्हणाला.

सिंधूने एक कांडी उचलली, मोडली, नाकाशी धरली. तिचा चेहराच उतरला.

"वल्ली हाय, मधून वल्ली," ती अंकुशला म्हणाली. "अण्णाचा मळा पान्याखालचा. तिथली पऱ्हाटी हिरवी हुती. आमी उसावानी केलं, ताई! तोडलं की त्याच दिशी वजनकाट्यावर."

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. ऊस तोडला की वाळायच्या आत कारखान्यात पोचवायचा, नाहीतर वजन घटतं. सगळ्या आयुष्याची ती सवय. आतापर्यंत त्यांना मिळालेल्या पऱ्हाट्या कोरडवाहू रानातल्या, उभ्याउभ्याच खडखडीत वाळलेल्या. त्यामुळे ती सवय कधी आडवी आलीच नव्हती. पऱ्हाटीचं गणित उसाच्या बरोब्बर उलटं होतं, तिला चार ऊन खाऊ द्यायचं असतं. आणि हा झपाटा बघून काल टाळ्या कोण पिटत होतं? मीच!

बाबूअण्णा उपरणं सावरत आले. धुराने त्यांचे डोळे लाल झाले होते. "झालं समाधान? गावाला उपाशी ठिवता का बे, अंकुश? मागं बाभळीची लाकडं रचून ठिवलीत म्या. टाका खाली."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. गाडीच्या डिकीत स्टोव्ह असता तर मी तोही काढून दिला असता.

"अण्णा, थांबा," सिंधू म्हणाली. "कीर्तन सरोस्तर. तवर आमटी उकळली न्हाई तर टाका तुमची बाभळ."

आणि तिने वाडीत आजवर कुणी बाईने केलं नसेल ते केलं. मंडपाच्या कडेला, भाकरी आणायची हाक द्यायचा माइक असतो, तो उचलला. कीर्तनकार महाराज क्षणभर थांबले. गावभरच्या कर्ण्यांतून तिचा आवाज घुमला:

"आयाबायांनो, सिंधू बोलतीया. आमी काल वल्ल्या पऱ्हाटीच्या कांड्या केल्या, चूक झाली आमची. आदीच्या वाळल्या समद्या डेअरीला गेल्या. महिन्याखाली तुमाला बंबात घालायला वाळल्या कांड्या दिल्त्या. ज्येच्या घरी उरल्या असतील तिनं भाकरीसंगं आना. येक असली तरी आना."

तिने माइक ठेवला. महाराजांनी पुढचा अभंग धरला. आम्ही गल्लीकडे डोळे लावून उभे. कुणीच येईना. अण्णांनी गड्याला बाभळीकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक म्हातारी वळली. डोक्यावर दुरडी, दुरडीत फडक्याने झाकलेल्या भाकरी, आणि काखेत, तान्हं लेकरू धरावं तशा, दोन कांड्या. तिच्या मागे दुसरी. मग तिसऱ्या गल्लीतून चौघीजणी. बघताबघता रांग लागली! भाकरी मंडपात, कांड्या चरात. कुणी घमेल्यातून आणल्या, कुणी पदरातून. नामदेव आचाऱ्याने ओल्या कांड्या बाहेर ओढल्या, कोरड्या सारल्या, आणि धगधगीत पिवळा जाळ कढईच्या बुडाला भिडला. धूर विरला. मी ओरडलेच, "पेटलं गं, पेटलं!" कीर्तन चालू आहे हे मी विसरूनच गेले होते.

तरी एका कढईखाली जाळ कमी पडत होता. आचाऱ्याने हात वर केले, आणि तेव्हाच अण्णांच्या वाड्याकडून काकू आल्या. अण्णांची बायको. त्यांच्यामागे गड्याच्या डोक्यावर एक पोतं. पोतं चराशी रिकामं झालं. कांड्याच कांड्या.

अण्णांचे डोळे विस्फारले. "आपल्या घरी ह्या कुठून आल्या?"

"इकत घेतल्या म्या, सिंधूकडनं," काकू पदर खोचत म्हणाल्या. "महिना झाला, आपल्या बंबात ह्याच जळायल्यात. तुमाला रोज सकाळी कढत पानी लागतं. कशावर तापतंय, ते कवा इचारलं का?"

आधी बायका हसल्या, मग टाळकरी. महाराजांनाही हसू आवरेना. अण्णा नसलेल्या धुराच्या त्रासाने डोळे चोळायला लागले. पण माणूस दिलदार. आमटीला पहिली उकळी फुटली तसे ते स्वतः माइककडे गेले, घसा साफ केला आणि म्हणाले, "गावाच्या पऱ्हाट्या बायांच्या मशिनीला. माझ्या मळ्यातल्या बी. फक्त आदी वाळवा गं बायांनो!"

सिंधू तिथेच मातीत बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. अंकुश तिच्या शेजारी उकिडवा बसला, काय करावं न सुचून तिच्या पाठीवर थोपटत राहिला. मीही रडले. त्यात लाजायचं काय?

पंगतीत मी त्या म्हातारीशेजारी बसले. बाजरीची भाकरी कुस्करून त्यावर आमटी ओतली. आमटी तिखटजाळ, वर तेलाचा तवंग. नाक पुसत पुसत मी विचारलं, "आजी, तुमच्या कांड्या गेल्या की. आता अंघोळीचं पाणी?"

"येक दिस पारोशी ऱ्हाईन," ती म्हणाली. "माझा ल्योक-सून अजून उसात हायती. म्होरल्या सालाला त्येंनला बी हितंच ठिवून घेती का, इचारते सिंधूला."

निघताना सिंधूने डिकीत कांड्यांची एक गोणी टाकली, वर हुलग्याचं पीठ. "लई लांबून आलता, रिकामं कसं धाडू?" परतीच्या वाटेवर आष्टीत पंक्चरवाल्या दादांना मुद्दाम थांबून दोन कांड्या दिल्या. त्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलं, "आमच्या गावात कुनी मशीन लावील का हो?" मी सिंधूचा नंबर दिला. एवढ्या उत्साहाने दिला की गाडीची किल्ली त्यांच्या टेबलावरच विसरले.

दुसऱ्या दिवशी कराडला, अंगणात त्याच कांड्यांवर बंब पेटवून बसले होते. मागच्या पडीक तुकड्यात इतरांच्या कोप्या होत्या, पण कडुनिंबाखालची सिंधूची जागा मोकळी होती. गवत चांगलं वाढलं होतं तिथे. कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनींनी विचारलं, "तुमची बीडवाली आली नाही का हो यंदा?"

"नाही," मी म्हणाले, "आणि आता येणारही नाही!"

एखाद्या मैत्रिणीच्या न येण्याचा एवढा आनंद कुणाला होतो का, असं तोंड करून वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या.