पळसाखाली बसलेला मार

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर हसण्यावारीच नेल्या. शाळेत विज्ञान शिकवतो. मूळचा चिपळूणचा, आठ वर्षं सिल्वासात आहे. त्यामुळे हे लिहिताना आधी मलाच लाज वाटतेय...

मार्चमधला रविवार, सकाळचे साडेसात. किलवणीच्या पुढे बांधावर एक पळस फुललेला आणि त्यावर पळसमैनांचा मोठा थवा. सोबत भाऊसाहेब – शिरपूरचे, मसाटला दोऱ्याच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर. पक्ष्यांचा नाद त्यांनीच मला लावला. मी दुर्बीण लावून उभा, ते दहा पावलांवर झाडाखाली.

"सर, शंभराच्या वर भरतील—"

तेवढ्यात सपकन आवाज आला. भाऊसाहेब गुडघ्यांवर कोसळले. मला वाटलं, साप! पण पुढचा फटका मी बघितला... म्हणजे काठी दिसलीच नाही. त्यांचा शर्ट खांद्यावर टरकला आणि खाली बोटभर जाड वळ उठला. मग बरगडीवर. मग डोकं फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं. आसपास उघडं शेत, माणूस म्हणून नाही.

"नका मारू! काय केलं मी?" माझ्याकडे बघत ते हात जोडत होते.

मी धावत जाऊन त्यांच्या अंगावर पडलो. मनगटावर असा घाव बसला की हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आणि सगळं थांबलं. वर मैना कलकलतच होत्या – एकही उडाली नव्हती.

लांब झाडीत मोहाची फुलं वेचणाऱ्या एका बाईने आमचा ओरडा ऐकून माणसं बोलावली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "लाठीचा मार आहे. कुणी मारलं?"

मारणारा दिसला नाही, एवढंच मी सांगितलं.

चौथ्या दिवशी त्यांच्या खोलीवर गेलो. वहिनी दारातून हलेनात. आतून भाऊसाहेब म्हणाले, "येऊ दे त्यांना." मग माझ्या प्लास्टरकडे बघत ते म्हणाले,

"पोलिसांना नाव सांगितलं नाही मी, सर. पण का मारलं, तेवढं सांगा."

"मी? अहो, मी तर तुम्हाला वाचवायला—"

"तुमच्या तोंडाकडे बघत मार खाल्लाय. हात पण मीच मोडला तुमचा, दगडाने. नाहीतर तुम्ही थांबले नसते."

महिन्याभरात ते शिरपूरला परत गेले. भाऊसाहेब खोटं बोलणारा माणूस नाही. मीही नाही. तिसरं काय असू शकतं, ते मला आजही कळलेलं नाही. हल्ली वर्गात फळ्यावर रेघ मारायलासुद्धा मी लाकडी पट्टी हातात घेत नाही.