अकरा ब्रिज बाकी

सायकलवाल्यांचं एक वाईट असतं. रस्ता बारा दिवसांत संपतो, पण सांगणं बारा वर्षं पुरतं. आमच्या तिघांचे किस्से असेच साचलेत, डब्याच्या तळाशी चुरा साचतो तसे. परवा भाईचं वर्षश्राद्ध झालं. जेवून हात धुताना विजयकर म्हणाला, "नंदू, तू हे लिहून ठेव बाबा. मी विसरायला लागलोय." मी म्हटलं, बरं.

भाई म्हणजे भाई परब. लालबागला मसाल्याचं दुकान, मागे मिरची कुटायचं मशीन. विजयकर गिरगावातला आर्किटेक्ट, सात पिढ्यांचा मुंबईकर, घाम पुसायलासुद्धा इस्त्रीचा रुमाल. मी दादरचा, विमा कंपनीत कारकुनी करत करत साहेब झालेला. तिघेही पन्नाशी ओलांडलेले आणि तिघांना वेड एकच. किन्नौरमधून स्पितीत जाणारा, तिबेटच्या सीमेला घासून जाणारा रस्ता सायकलवर करायचा आणि शेवटी कुंझुमची खिंड चढायची. घरच्यांचा विरोध होता, गुडघ्यांचाही होता. दोन्ही फेटाळले.

*

आता मुंबईत चढ कुठून आणायचा? विजयकर म्हणाला, "मलबार हिल आहे की." भाई म्हणाला, "तिथं घाम गाळायला पण ओळख लागते." मग राहिला हिंदमाताचा उड्डाणपूल, म्हणजे आमचा ब्रिज. तो भाईच्या चाळीच्या बाजूनंच जातो. तिसऱ्या माळ्यावर भाईची खोली. तिथल्या गॅलरीत उभं राहिलं की ब्रिजचा माथा बरोब्बर आपल्या पायांच्या लेव्हलला दिसतो.

विजयकरनं गॅलरीतून टेप खाली सोडला. पहिल्या माळ्यावरच्या काकू ओरडल्या, "मेल्या, माझ्या घरात काय सोडतोस!" पण माप मिळालं. नऊ मीटर. तीन माळे म्हणजे एक ब्रिज! त्या दिवसापासून आमच्यात कुणी मीटरमध्ये बोललं नाही. लोसर गावापासून कुंझुम किती? बावन्न ब्रिज. संपला विषय.

दर रविवारी सकाळी आम्ही तो ब्रिज चाळीस-चाळीस वेळा चढायचो. एकदा ट्रॅफिक हवालदारानं अडवलं. "काका, मघापासनं बघतोय. रस्ता चुकला काय?"

"नाय साहेब," भाई म्हणाला, "हिमालयात चाललोय."

हवालदारानं शांतपणे हात दाखवला. "मग हा नाय. हा दादरला उतरतो!"

*

भाईची मोजायची पद्धत खास दुकानदाराची. सकाळी निघताना जितके ब्रिज, तितक्या लवंगा जॅकेटच्या उजव्या खिशात टाकायच्या. मनगटावरच्या घड्याळात उंची दिसायची. नऊ मीटर झाले की एक लवंग उजव्या खिशातून डाव्या खिशात. मी म्हटलं, "तोंडानं मोज की रे!" तर म्हणे, "तोंडानं मोजलं की दम जातो. लवंग बोलत नाय."

सीमेजवळच्या चेकपोस्टवर एका जवानानं त्याचा खिसा चाचपला.

"ये क्या है?"

"लवंग, साब."

"इतनी?"

"साब, ये लवंग नहीं है. ये ब्रिज है."

झालं! विजयकर पुढे झाला आणि त्यानं स्वच्छ इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं. त्यामुळे आम्हाला आणखी अर्धा तास बसवलं. शेवटी निघालं असं की त्या जवानाची दाढ ठणकत होती. त्यानं दोन लवंगा दाढेखाली धरल्या आणि आम्हाला सोडलं. आम्ही निघालो, भाई जागचा हलेना.

"आता काय?"

"दोन ब्रिज त्याच्या तोंडात गेले ना! आता मोजू कशानं?"

मग दोन खडे उचलले, खिशात टाकले, तेव्हा स्वारी निघाली.

*

भाईच्या सामानात सुकटाची पिशवी होती. मालवणी माणूस, हिमालयात गेला म्हणून काय जवळा सोडणार? नाको गावात ज्या घरी उतरलो तिथल्या कुत्र्याला तो वास लागला. सकाळी निघालो तर कुत्रा मागे. एक चढ झाला, दोन झाले, कुत्रा आपला आरामात, शेपूट वर. आम्ही तिघं मात्र हँडलवर मान टाकून.

एका वळणावर भाई थांबला. खोकत होता. कुत्र्याकडे बघून म्हणाला, "ह्याचा दम बघ. आणि आमचा बघ."

आम्ही हसलो. माझ्या डोक्यात आजही ते हसू आहे आणि स्वतःचाच राग येतो. कारण भाई दोन वर्षं खोकत होता आणि आम्ही सगळे एकच म्हणत होतो. मिरची कुटणारा माणूस, खोकणारच! लालबागला मसाल्याच्या गल्लीत कोण खोकत नाही? त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनीनं, कितीदा म्हटलं डॉक्टरकडे चला. भाई म्हणायचा, "डॉक्टर गल्लीत आला तर तो पण खोकेल." आणि ह्यावरही आम्ही हसायचो. गाढव होतो, दुसरं काय.

*

कुंझुमच्या दिवशी सकाळी लोसरला बावन्न लवंगा मोजल्या. मी साक्षीला होतो. वीस ब्रिजपर्यंत ठीक. तिसाला भाई सायकलवरून उतरून ढकलायला लागला. चाळिसाला ओठ निळे. एक्केचाळिसाला तो दगडावर बसला आणि मी त्याच्या बोटाला ते ऑक्सिजन बघायचं मशीन लावलं. आकडा बघून विजयकरनं तोंड फिरवलं.

"भाई, परत फिरायचं."

"अकरा राहिलेत, नंद्या."

"अकरा राहू देत."

"अरे, खिंडीतले झेंडे दिसतायत मला!"

"दिसू देत! वहिनीला मी काय सांगू? झेंडे दिसत होते म्हणून?"

मी ओरडलो. आयुष्यात त्याच्यावर पहिल्यांदा. खाली जाणारा ट्रक थांबवला, भाईला पुढे बसवलं, सायकली मागे टाकल्या. पुढचे दोन दिवस तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "मीठ दे." मी बरोबर होतो, हे डॉक्टरांनीही नंतर सांगितलं. पण बरोबर असल्याचं समाधान मला एक दिवससुद्धा मिळालं नाही.

*

मुंबईला परत आल्यावर तपासण्या झाल्या. फुप्फुसं आकसत चालली होती आणि ती परत मोकळी होणार नव्हती. डॉक्टरांनी नळ्या, गोळ्या, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "दोन माळ्यांपेक्षा जास्त चढायचं नाही."

भाईनं आमच्याकडे बघितलं. "म्हणजे पाऊण ब्रिज पण नाय!"

डॉक्टरांना काही कळलं नाही. विजयकर इस्त्रीच्या रुमालानं डोळे पुसत बाहेर गेला. मसाल्याचं दुकान पुतण्याकडे गेलं, पण तिसरा माळा काही खाली येईना. भाईचं उतरणंच बंद झालं.

*

उरलेल्या अकरा लवंगा भाईनं एका वाटीत जपून ठेवल्या होत्या. एका रविवारी आम्ही जेवायला गेलो. मटण अप्रतिम. भाईनं वाटी बघितली, तर रिकामी.

"इथल्या लवंगा?"

"मटणात घातल्या," वहिनी म्हणाली. "उघड्या पडल्या होत्या."

"अगं बाई, कुंझुम शिजवलंस तू!"

पुढचा अर्धा तास तो माणूस आमच्या तिघांच्या ताटांतून आणि पातेल्यातून लवंगा शोधत होता. वहिनीनं बाकीचं वाटलं होतं, लवंगा अख्ख्याच टाकल्या होत्या म्हणून बरं. अकरा मिळाल्या. धुतल्या, गॅलरीत पेपरवर वाळवल्या आणि जॅकेटच्या उजव्या खिशात टाकल्या. मग माझ्याकडे वळला.

"नंद्या, तू परत फिरवलंस. आता तूच चढवायचं."

*

विजयकरनं बॅटरीची सायकल आणायची तयारी दाखवली. भाई म्हणाला, "मोटर लावून पोचायचं तर ट्रक काय वाईट होता?"

"मग कसं रे?"

"पाठीला हात लाव. हात चालतो."

डॉक्टरांना आम्ही विचारलं नाही. वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "घरात बसून तरी काय व्हायचं ते चुकतंय?"

रविवारी सकाळी आम्ही दोघं त्याला खुर्चीत बसवून तीन माळे उतरवायचो. मग ब्रिज. भाई सायकलवर, माझा हात पाठीवर, बाजूला विजयकर ऑक्सिजनची नळी आणि बाटली सांभाळत. तिघांची वरात! सहा वेळा थांबून एकदा माथा गाठायचो. वर पोचलं की भाई एक लवंग उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकायचा. मग खुर्चीतून परत वर घरी. एका रविवारी एकच ब्रिज, त्यातही दोन-तीन रविवार कोरडे जायचे. तोच हवालदार एकदा दिसला. ह्या वेळी त्यानं मागून येणारी टॅक्सी हातानं थांबवली.

दहा झाले. दहाव्याला भाईच्या पाठीची हाडं माझ्या तळव्याला लागली. त्याच आठवड्यात त्याला हॉस्पिटलमध्ये हलवलं. तिथून मला म्हणायचा, "एक राहिला रे. विसरू नको." मी म्हणायचो, "घरी ये, लगेच चढू."

*

तो घरी आला त्या दिवशी मी भाचीच्या लग्नाला नाशिकला होतो. हॉस्पिटलनं हात टेकले होते, म्हणून घरी पाठवलं होतं. मी पोचायच्या आत, दुसऱ्या दिवशी, भाई गेला. एक ब्रिज माझ्याकडे बाकी राहिला, हे मी तेराव्यापर्यंत कुणालाच सांगू शकलो नाही.

तेराव्याला वहिनीनं मला ते जॅकेट दिलं. "तुझ्याकडेच असू दे." मी उजव्या खिशात हात घातला. रिकामा. डाव्या खिशातल्या लवंगा हातावर घेतल्या. मटणाचा थोडा वास अजून होता. मोजल्या. अकरा.

"वहिनी, ह्याला तुम्ही हात लावलात?"

"नाय बा."

मग ती म्हणाली, "अॅम्ब्युलन्सवाले खुर्ची घेऊन आले होते, वर न्यायला. हे बसेचनात. म्हणाले, खुर्ची नको. कठडा धरला आणि चढायला लागले. पाऊण तास लागला बघ. मी पाठीला हात लावून. प्रत्येक पायरीवर मी म्हणतेय, अहो, बसा, अहो, बसा. तिसऱ्या माळ्यावर आले, गॅलरीत उभे राहिले आणि ब्रिजकडे बघत ह्या खिशातलं काहीतरी त्या खिशात टाकलं. मी म्हटलं, काय ते?"

"मग?"

"म्हणाले, काय नाय. नंद्याला सांग, पोचलो."