मडक्यांचा बाजार

रेखा कुणालाही फुकट गोष्ट सांगायची नाही. आधी विचारायची, "तुला काय पाहिजे? कुणालाच सांगितलं न्हाई ते सांग, मंग गोष्ट." लेकरू तिच्या कानात काहीतरी पुटपुटायचं आणि मगच हिचं तोंड उघडायचं. रेखा माझी धाकटी जाऊ. पिंपळगाव रेणुकाईच्या आमच्या घरात ती आली आणि महिन्याभरात घरातली, शेजारची सगळी लेकरं तिची झाली. माझी मनूसुद्धा. तेव्हापासून तिचं कौतुक निघालं की माझ्या पोटात दुखतं, ते आजतागायत.

कामाला ती यथातथाच. तव्यावरची भाकरी हमखास करपायची. सासूबाई हसून म्हणायच्या, "जाऊ दे, ती गोष्टीत आस्ती." माझी करपली असती तर गावभर झालं असतं.

तिची गोष्ट तरी किती? एकच, वर्षानुवर्षं चाललेली. चिंगी नावाची मुलगी कोरड्या बारवेत उतरते. तळाशी बाजार भरलेला असतो, नुसता मडक्यांचा. माणसांनी मनातच ठेवलेलं एकेक मागणं एकेका मडक्यात बंद. चिंगी स्वतःचं मडकं शोधत फिरते, कारण आपल्याला काय हवंय हेच तिला ठाऊक नसतं. वाटेत ती दुसऱ्यांची मडकी उघडते आणि त्यांतून लेकरांनी कानात सांगितलेलं निघतं. कुणाचं ते मात्र रेखा कधी सांगायची नाही.

एका उन्हाळ्यात आम्ही अंगणात उडदाचे पापड लाटत होतो. रेखा लाटता लाटता सांगत होती, "चिंगीनं फडकं सोडलं. आत काय? आईचे रिकामे हात. पीठ न्हाई, झाडू न्हाई, काई न्हाई. नुसते मांडीवर ठेवलेले."

मनूनं मान खाली घातली. माझं लाटणं जागीच थांबलं. पोटच्या पोरीनं हे मला सांगायचं सोडून हिला सांगितलं होतं.

"लेकरांच्या डोक्यात काय भरवून राह्यलीस गं?" मी सगळ्यांसमोर ओरडले.

"मी कुठं भरवते, ताई? मी तर काढून राह्यले," ती म्हणाली आणि पुढची लाटी घेतली.

रागानं माझे दोन पापड फाटले. तिच्या जागी मला बसायचं होतं, एवढीच गोष्ट होती, पण ते बोलून कोण दाखवणार?

मग भाऊजींना जालन्याला नोकरी लागली. सामान टेम्पोत चढल्यावर ती मुद्दाम मागं स्वयंपाकघरात आली. "ताई, तुमी कधी सांगितलं न्हाई. तुमाला काय पाहिजे?"

"मला काय पाहिजे असणार? माझं बराबर चाललंय," म्हणत मी भांडी घासायला घेतली.

यंदा तिचं पुस्तक आलं, चित्रं असलेलं. मनू मोठ्यानं वाचत होती, मी शेंगा फोडत ऐकत होते. शेवटी चिंगीला स्वतःचं मडकं सापडतं. तिला या मडक्यांच्या गोष्टीच सांगायच्या असतात. निघताना कोपऱ्यात तिला आणखी एक मडकं दिसतं, तोंड गच्च बांधलेलं. ती हात लावते तर बाजारवाला म्हणतो, "ते राहू दे. त्या बाईनं अजून मागितलंच नाही."

मनूनं माझ्याकडं पाहिलं. माझी अशी चिडचिड झाली! तिकडं जालन्यात बसूनसुद्धा हिनं मला गाठलंच. मी तडक फोन लावला. कशी आहेस, बरी आहेस, काही नाही.

"रेखा, मला तुझ्यावानी गोष्ट सांगता यायला पाहिजे होती. लेकरं माझ्याभवती बसायला पाहिजे होती."

 मग ती म्हणाली, "मंग सांगा की, ताई. मनू हाय ना जवळ?"

मी शेंगांनी भरलेलं सूप बाजूला सारलं. हातांचं काय करावं कळेना, म्हणून ते मांडीवर ठेवले. मनू सरकून जवळ आली.

"एक व्हती बाई," मी म्हणाले. "तिला आपल्या जावेचा लई हेवा वाटायचा."