पाळण्यातलं नाव

हेडक्लार्कनी माझं रजिस्टर टेबलावर आपटलं तेव्हाच ओळखलं, काहीतरी चुकलंय.

महाराजांच्या राज्यात बायकांना पालिकेच्या निवडणुकीत पहिल्यांदाच मत मिळालं होतं. जिच्या नावावर घर, तिला. त्या बायकांची यादी माझ्याकडे. आठवडाभर पेठ पालथी घालून मी मोठ्या अभिमानानं ती आणली होती.

"दत्तूची आई. सुताराची सून. हाजीसाहेबांच्या घरातनं," त्यांनी वाचलं. "कारकूनसाहेब, यादीत माणसं लिवायची हैत, नाती न्हवं. बाईनं सवताच्या तोंडानं सांगितलेलं नाव पायजे. परवा यादी बंद."

बायका लाजतात, सांगत नाहीत, असं मी म्हणालो. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं माझ्याच सुरेख अक्षरात होतं : 'माझी आई'.

"ही बी लाजली व्हय?"

वडील गेल्यावर घर आईच्या नावावर झालेलं. तिला विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

घरी आई शेंगा फोडत बसली होती. फॉर्म काढून मी ऑफिसच्या आवाजात विचारलं, आपलं नाव? ती हसली.

"कुठलं सांगू? तांदळातलं का पाळण्यातलं?"

आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. तिथं आईची लक्ष्मी झाली. त्याआधी राधानगरीकडच्या माहेरी ती कोण होती, हे चाळिशीतल्या मला ठाऊक नव्हतं.

"तुला आवडतं ते सांग."

"गोदा," ती म्हणाली, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून दाराकडं बघितलं.

मतदानादिवशी शाळेत नावं पुकारत होते. तीन हाकांत उठलं नाही तर मत गेलं. गोदाबाई, अशी हाक आली. कुणी हललं नाही. दुसरी हाक आली. आई बाकावर डोळे मिटून बसलेली. मला वाटलं, इतक्या वर्षांनी तिला ते नाव ओळखूच आलं नाही; माझ्या शहाणपणापायी तिचं मत जाणार. धावत जाऊन खांदा हलवला.

"आई, तुझंच नाव."

"ऐकलंय की." तिनं डोळे उघडले नाहीत. "माझा बा गेल्यापास्नं ह्या नावानं कुनी हाक मारली न्हाय. आनिक एकदा म्हनू दे."

तिसऱ्या हाकेला ती उठली.

तेव्हापासून कुठल्याही बाईचं नाव मी विचारूनच लिहितो. घरातलीच असली तर दोनदा.