शांताकाकूला टीबी नव्हता

शांताकाकू आज सकाळी गेली. तिला टीबी नव्हता.

आमच्या घरात हे कोणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून इथे लिहिते.

काकू म्हणजे माझी थोरली चुलती. वडीगोद्रीत आमच्या चुली दोन, अंगण एकच.

ती रिपेअरिंगच्या टोळीत जायची. जुन्या पाण्याच्या टाक्या, पुलांचे खांब. माणसं ग्राइंडरनं खराब काँक्रीट घासायची आणि खाली बसून काकू सिमेंटचा मसाला हातानं कालवायची.
तोंडाला पदर. बस.

बोटं इतकी फाटलेली, की भाकरी थापतानाही कळवळायची.

"काकू, हातमोजे माग ना."
"मागितले व्हते. मुकादम म्हन्ला, मेंदी खराब होऊन राह्यली का तुमची?"
आणि स्वतःच हसत सुटायची.

संध्याकाळी मुकादम सगळ्यांना गुळाचा खडा द्यायचा. गुळानं छातीतली धूळ निघते म्हणे.
काकू तो खडा पदराला बांधून घरी आणायची. माझ्यासाठी.

मग खोकला लागला. गावानं ठरवून टाकलं, टीबी. तिचा कप वेगळा झाला, खाट पडवीत गेली. गोळ्या झाल्या, खोकला तसाच.

शेवटी मी तिला संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "मावशी, काम काय करता?"
तोवर हे तिला कोणीच विचारलं नव्हतं.

थुंकीत जंतू नव्हते. काँक्रीटची बारीक धूळ फुप्फुसात बसली होती. ती आता निघणार नव्हती. पण ती कोणाला लागणारही नव्हती.

परतताना बसमध्ये काकूनं एवढंच विचारलं, "मंग राधीला मांडीवर घेतलं तर चालतंय ना?"
राधी म्हणजे तिची नात.

घरी मी सगळं सांगितलं. वहिनी, म्हणजे राधीची आई, म्हणाली, "डॉक्टर काय, काही बी सांगतेत. माझं लेकरू लहान हाय."
राधी पडवीत गेलीच नाही.

आज अंगणात प्रत्येकाच्या तोंडावर मास्क होता.
जन्मभर धुळीत बसलेल्या बाईला एक मास्क मिळाला नाही. तिला उचलायला आलेल्या सगळ्यांना मिळाला.

दारातच आईनं माझ्या हातात एक दिला. "घाल मुकाट्यानं. तुझं लग्न व्हायचंय अजून."

मी घातला.
एक्स-रे मी पाहिलाय. डॉक्टरांचं मी ऐकलंय. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. आणि मी घातला.

टीबी असता तरी तिला असं वागवणं चूकच होतं.

टोळीतल्या मावश्यांनो, तुमच्या पोरी ही पोस्ट तुम्हाला वाचून दाखवतील. खोकला असेल तर छातीचा फोटो काढा. डॉक्टरनं विचारलं नाही तरी आपलं काम सांगा.

काकू, राधीला उचलून तुझ्या मांडीवर ठेवायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती.
मी ठेवलं नाही.

जा सुखानं. माफी मागायला तोंड नाही मला.