पायरीवरच्या खुंट्या

कॅतरीनमावशी गेल्याचा निरोप मला ऑफिसात फोनवर मिळाला. फोन तिच्या पुतण्याचा, बेन्नीचा होता. सकाळी शेजारणीला ती अंगणात विहिरीच्या कडेला टेकून बसलेली दिसली, हाक मारली तर ओ देईना. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. वय सत्तरीच्या पुढे, त्यामुळे कुणी फार विचारलंही नाही. एवढं सांगून बेन्नी थांबला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "हातात खुंटी होती गं तिच्या." मी नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. महिना उलटून गेला, पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही...

अंधेरीला, मरोळच्या बाजूच्या एका जुन्या गावठाणात तिचं कौलारू घर. कडेच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. आम्ही मालवणकडचे, ती पिढ्यान्‌पिढ्या इथली ख्रिस्ती. माशांच्या कालवणावरून तिचं आणि माझ्या आईचं रोज वाजायचं आणि कालवणाच्या वाट्या रोज इकडून तिकडे जायच्या. घरापुढे ऐसपैस अंगण, त्यात विहीर, आणि अंगणाला कुंपण नाही. तार नाही, मेंदी नाही, काही नाही. गावात कुणाचंही लग्न निघालं की बँड वाजवत सगळा गोतावळा उंबराचं पाणी न्यायला याच विहिरीवर यायचा, त्याच पाण्याने नवऱ्यामुलाची नाहीतर नवरीची अंघोळ व्हायची. बेन्नी तिला सारखा सांगायचा, दिवस वाईट आलेत, कुंपण घाल. मावशी विचारायची, मग पाण्याला आलेल्या बायका काय उड्या मारून येणार?

ऐंशी साल नुकतं मागे पडलं होतं, तेव्हा बेन्नीनेच कुठूनतरी एक पिल्लू आणलं. अल्सेशियन म्हणून आणलेलं, बाप कोण ते देवालाच ठाऊक. वर्षभरात ते वासराएवढं झालं. गावभर हिंडायचं आणि दिसेल ते जप्त करायचं, म्हणून त्याचं नाव हवालदार. चपला, वाळत घातलेले बोंबील, एकदा तर फादरची छत्री. सगळा माल तो मावशीच्या पायरीवर नीट मांडून ठेवायचा आणि सकाळी लोक आपापली वस्तू न्यायला यायचे. मावशी त्यांना चहा द्यायची आणि कुत्र्याला शिव्या. साखळी मात्र तिने कधी आणली नाही. अंगण मोकळं असताना कुत्रा बांधायचा कशाला, हा तिचा हिशेब.

मग पलीकडची भाताची शेतं एका बिल्डरला विकली गेली. एका हिवाळ्यात माणसं टेप घेऊन आली आणि अंगणाच्या टोकाला, चिंचेखाली, खुंट्या ठोकून सुतळी ताणून गेली. खुंट्यांची डोकी चुन्याने रंगवलेली. दुसऱ्या दिवशी सगळ्या खुंट्या पायरीवर! गावात नुसता हशा. हवालदाराने बिल्डरची वाट लावली, असं जो तो एकमेकांना सांगत सुटला. मावशीने खुंट्या न्हाणीच्या चुलीत घातल्या आणि मस्त कढत पाण्याने अंघोळ केली. पुन्हा खुंट्या आल्या, पुन्हा पायरीवर पोचल्या. आम्ही तो अख्खा हिवाळा हसण्यात घालवला. कुत्रा राखण करतोय म्हणून गाव निर्धास्त होतं. दर खेपेला खुंट्या थोड्या आत सरकतात, हे फक्त मावशीच्या ध्यानात आलं होतं. आधी चिंचेखाली होत्या, मग कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी आल्या. ती एकटीच हसेनाशी झाली होती.

त्याच सुमारास बिल्डरकडचा तो सफारीवाला यायला लागला. फिकट रंगाची सफारी, मऊ आवाज, खिशात ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. जमिनीची गोष्ट चुकूनही काढायचा नाही. विहिरीच्या कठड्यावर बसून हवालदाराला बिस्किटं भरवायचा. मावशी कुत्र्यावर ओरडली की म्हणायचा, "राहू द्या हो मावशी, मुकं जनावर आहे." आईला तो सभ्य वाटला. खरं सांगायचं तर मलाही.

एका सकाळी पायरीवर एकच खुंटी होती, ओल्या मातीने भरलेली. मावशी ती घेऊन चिंचेपर्यंत गेली, दोरीपर्यंत गेली आणि परत आली. खुंटी उपटल्याचं भोक स्वयंपाकघराचं दार आणि विहीर यांच्या मधोमध होतं. तिथून आमची झोपायची खोली हातभर अंतरावर. मावशीने आईला विचारलं, "काल रात्री कुत्रा भुंकला?"

आई म्हणाली, नाही.

मावशी पायरीवर बसली. हवालदार शेपूट हलवत तिच्या मांडीवर डोकं घुसवत होता, आज काय पकडून आणलंय बघ, अशा तोऱ्यात. तिने त्याच्या कानामागे खाजवलं आणि म्हणाली, "याला ते आता घरचे वाटतात." त्या दिवसापासून मला त्या अंगणाची भीती वाटायला लागली. ती अजून गेलेली नाही.

थोड्याच दिवसांत हवालदार नाहीसा झाला. साकीनाक्यापासून वाकोल्यापर्यंत बेन्नीने शोधलं, पण काही म्हणजे काही सापडलं नाही. सफारीवाला हळहळ व्यक्त करायला आला. एवढा मोठा कुत्रा असा मोकळा सोडायचा नसतो, मी तुम्हाला दुसरा आणून देतो, म्हणाला. मावशीने त्याला पायरी चढू दिली नाही. तो मात्र हसतच गेला.

आणि मग ती स्वतः खुंट्या उपटायला लागली. रोज उजाडलं की पदर खोचून अंगणात. उपटायची, पायरीवर मांडायची, दुपारी चुलीत घालायची. मी लग्न होऊन बोरिवलीला गेले, आई-बाबाही माझ्याजवळ आले, तरी तिचं चालूच होतं. गाव आता हसत नव्हतं, अर्ध्या घरांनी बिल्डरला सह्या दिल्या होत्या. मी एकदा म्हटलं, मावशी, आता पुरे कर. तर म्हणाली, "गावातल्या पोरी लग्नाच्या आहेत अजून." पुढे चहाच टाकला तिने.

गेल्या रविवारी सकाळी चर्चमध्ये तिच्या महिन्याच्या मिस्सेला, प्रार्थनेला, गेले होते. नंतर सगळे तिच्या अंगणात चहाला जमले. पुढच्या महिन्यात एका पोरीचं लग्न आहे, पाणी कुठून आणायचं असं तिच्या आईने विचारलं, तर सगळ्यांनी कपात बघितलं. विहिरीभोवती नव्या खुंट्या होत्या, सुतळी ताठ, एकही हललेली नाही. पायरी रिकामी. इतक्या वर्षांत सकाळची ती मी रिकामी पाहिली नव्हती. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कप ठेवला, पदर खोचला आणि कडेची खुंटी धरली. चुना हाताला लागला. अर्धी वर आली आणि अडली.

"राहू द्या हो ताई," मागून कुणीतरी मऊ आवाजात म्हणालं.

मी वळून पाहिलं नाही. दुसरा हात लावला.