बसायला सावली आहे का?

नंदू गेला हे ज्याला ज्याला सांगितलं त्याचा पहिला प्रश्न ठरलेला होता : कुठून पडला? कातळावर चढणारा माणूस पडूनच मरणार, अशी लोकांची पक्की खात्री असते. नंदू पडला नाही. पहिली शिफ्ट संपल्यावर चाकणहून कंपनीची बस निघाली, तो नेहमीच्या खिडकीशी बसला, डोकं काचेला टेकवलं आणि झोपला… असं सगळ्यांना वाटलं. त्या बसमध्ये सगळेच झोपतात. शिफ्ट करून आलेल्या माणसाला उठवायचं नाही हा तिथला अलिखित कायदा आहे. ज्याचा थांबा येतो तो आपोआप जागा होतो, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. डांगे चौकात, त्याच्या थांब्यावर, नंदू उठला नाही तेव्हा शेजारच्याला वाटलं, याचं पुढे काही काम असेल. वाकडच्या शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरनं खांद्याला हात लावला. कुणाचीच चूक नाही. पण स्वतःच्या घराच्या इतक्या जवळून तो गेला आणि तसाच पुढे गेला, हे मला अजून पचत नाही. हल्ली संध्याकाळी रस्त्यात कंपनीची बस दिसली की मी काचांना टेकलेली डोकी बघत राहतो, आणि त्यातलं एखादं हललं नाही तर बस वळेपर्यंत तिथून निघत नाही.

नंदू म्हणजे मूळचा थेरगावचा. शेती गेली, शेतात खोल्या उभ्या राहिल्या आणि त्या खोल्यांत आमच्यासारखे लातूर-बीडकडचे भाडेकरू आले. मी त्यातलाच एक. चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत ड्रॉइंगच्या टेबलावर नोकरी लागली होती आणि ओळखीचं म्हणाल तर गावात कुत्रंही नव्हतं. घरमालकाचा मुलगा म्हणजे गळ्यात साखळी, बुडाखाली बुलेट, असा माझा समज. हा निघाला भलताच. खोल्यांच्या भाड्यावर बसून खायची सोय असताना हा पठ्ठ्या पाठीला डबा लावून रोज चाकणला जायचा, क्वालिटी विभागात. आणि गुरुवारी, म्हणजे आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या साप्ताहिक सुट्टीला, दोर घेऊन चढाईला. पहिल्याच महिन्यात त्यानं माझ्या खोलीचं दार वाजवलं आणि म्हणाला, "लातूर, चल. दोर धरायला माणूस पायजे." मला वाटलं, पाण्याची टाकी वर चढवायची असेल. प्रत्यक्षात मी एका उंच कृत्रिम भिंतीखाली उभा होतो, माझ्या कमरेला दोर होता आणि त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला हा माणूस छपराएवढ्या उंचीवर पालीसारखा चिकटलेला होता. "मला काहीच येत नाही," मी खालून ओरडलो. वरून शांतपणे उत्तर आलं, "मंग आता शीक. मी कुटं जातोय?"

पुढे मी पिंपळे गुरवला फ्लॅट घेतला, लग्न केलं, पण गुरुवार त्याचाच राहिला. आम्ही दोघंही फार मोठे चढणारे नव्हतो. मध्यम. कॉलेजची पोरं ज्या भिंतींवर तासन्‌तास लोंबकळतात तिकडे आम्ही आदरानं बघायचो आणि आपल्या जमणाऱ्या वाटेला लागायचो. कातळात आधीच बोल्ट ठोकलेले असावेत, दर थोड्या उंचीवर त्यात दोर अडकवत जावं, पडलो तरी खालच्यानं दोर धरलेला असावा आणि संध्याकाळी घरी येऊन पोटभर जेवावं, एवढीच आमची हौस. अडचण एकच. पावसाळ्यात आपले कातळ शेवाळतात आणि मग चार महिने नुसती चुळबुळ. अशाच एका ओल्या गुरुवारी डांगे चौकातल्या टपरीवर त्यानं मोबाइल पुढे धरला. कोवळ्या उन्हात एक कोरडा राखाडी कातळ आणि त्याच्यावर आमच्याच वयाची, आमच्याच पोटाची एक गोरी बाई आरामात चढत होती. "युरोपात जुलै म्हंजी उन्हाळा," नंदू म्हणाला. "आपण हितं काय करतोय राव?"

तिथून ते वेड सुरू झालं. आमच्या दोघांच्याही कंपन्या जुलैत देखभालीसाठी काही दिवस बंद ठेवतात, त्याला थोडी रजा जोडायची. मी जागा शोधायच्या, त्यानं तपासायच्या. त्याच्या कामाच्या जागी नापास झालेले भाग टाकायला लाल डबा असतो. तसा लाल डबा त्यानं आमच्या टपरीवर अदृश्य मांडला होता. फ्रान्समधलं सेयूज मी मोठ्या उत्साहानं आणलं. जगातले एक नंबरचे कातळ. त्यानं विचारलं, "गाडी लावल्यावर किती चालायचं?" तासभर, तेही उभ्या चढानं. "टाक लाल डब्यात." ग्रीसचं कालिम्नोस बेट आणलं. समोर निळा समुद्र, सोप्या वाटांची रेलचेल. जुलैत तिथं ऊन फार, असं लोक लिहितात, तेवढं मी कबूल केलं. त्यानं तापमान बघितलं आणि हसला, "आपल्या प्रेस शॉपात याच्यापेक्षा जास्त असतंय की." म्हणजे उन्हाची अडचण नव्हती. पण कातळाच्या पायथ्यापर्यंत घसाऱ्याची पायवाट चढून जावं लागतं म्हटल्यावर तेही डब्यात गेलं. इटलीच्या डोलोमाइटमध्ये तर चक्क रोपवेच्या पाळण्यात बसून वर जाता येतं. मला वाटलं, आता याची बोलती बंद. तर हा म्हणतो, "पाळण्यातनं उतरल्यावर?"

मला खटकायला हवं होतं ते इथं. कारण लिहिल्याशिवाय एकही नग लाल डब्यात टाकू द्यायचा नाही, हा त्याच माणसाचा कंपनीतला नियम. हाताखालच्या पोरांना तो बजावायचा, "नापास केलंस ना, मग कारण चिकटव." आणि इथं तो फ्रान्स, ग्रीस, इटली धडाधड नापास करत होता आणि कारण काही सांगत नव्हता. मी चिडवायचो, "म्हातारा झालास की काय? गडावर पाठीला बोजा घेऊन पळायचास." तो नुसता चहा फुंकायचा.

शेवटी एलफ्रुआद सापडलं. फ्रान्समधलंच, आल्प्समधलं छोटं गाव. उंचावर, म्हणून जुलैत गार. पाइनच्या झाडांत तंबू लावायचे आणि तंबूतून निघाल्यावर हातातला चहा गार व्हायच्या आत कातळाशी पोचायचं, तेही सपाटीवरून. सोप्या वाटा आम्हाला दोन जन्म पुरतील इतक्या. आता काही खोट निघणार नाही अशा खात्रीनं मी मोबाइल पुढे केला. तो फोटो मोठा करून करून बघत राहिला. कातळ नव्हे, कातळाच्या खालची जमीन. "खाली बसायला सावली हाय का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, बसणार कोण? आपल्यातला एक वर, दुसरा दोर धरून उभा. "तरी बी. आनि संडास? जवळ हाय का?" इतक्या वर्षांत आम्ही कुठल्या कड्याखाली संडास शोधला होता, असं विचारून मी पोट धरून हसलो. तोही हसला. "बघून सांग," म्हणाला. "पुढच्या गुरुवारी पक्कं करू." आमची शेवटची भेट ती. पुढचा गुरुवार आला, पण तो त्याच्या तिसऱ्याचा, राख सावडायचा, आणि मी टपरीऐवजी घाटावर उभा होतो.

मग ते प्रश्न माझ्या मागे लागले. चालायचं किती, बसायला सावली आहे का, संडास जवळ आहे का… हे कातळ चढणाऱ्या माणसाचे प्रश्न आहेत का? हे तर दम लागणाऱ्या माणसाचे प्रश्न. त्याला छातीत काही होत होतं, ते त्यानं लपवलं होतं, पण नापास केलेल्या प्रत्येक जागेगणिक तो मला आडून सांगत होता आणि मी खिदळत होतो, असं माझं मन मला रोज नव्यानं सांगायचं. त्याच्या घरात भावकी कुजबुजायची की त्या चढण्याच्या नादानंच काळजावर ताण आला. मी मान खाली घालून ऐकायचो. त्यात त्यानं हौसेनं माझ्या फोनमध्ये त्या सगळ्या गावांचं हवामान लावून ठेवलेलं. रोज सकाळी दात घासताना मला कळायचं की एलफ्रुआदला हलकं ऊन आहे, कालिम्नोसला वारा सुटलाय. जिथं आम्ही कधी गेलोच नाही तिथलं ऊन-पाऊस माझ्या घरात यायचं, आणि मला ते पुसून टाकण्याचं धाडस होईना. भिंतीवरही एकदा जाऊन आलो. ओळखीच्या एकानं आपणहून दोर धरला. मी गाठ बांधली, खाली बघितलं, तिथं भलताच चेहरा दिसला. गाठ सोडून घरी आलो.

शेवटी एका गुरुवारी दुपारी त्याच्या घरी गेलो. कल्पनावहिनी, त्याची बायको, ओट्यावर पाय लांब करून मेथी निवडत होत्या. मी पाणी प्यायलो आणि एकदाचं विचारूनच टाकलं, "वहिनी, नंदूला आधीपासून काही त्रास होता का? तुम्हाला काही बोलला होता?"

"न्हाई बा. कंपनीच्या तपासणीत सगळं चांगलं आलं हुतं. का?"

मी तो सगळा लाल डबा त्यांच्यापुढे रिकामा केला. सेयूज, ग्रीस, पाळणा, सावली, संडास. वहिनींचे हात मेथीत तसेच थांबले. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, आणि रडतही होत्या.

"भाऊजी, ते त्यांच्यासाठी नव्हतं ओ. माझ्यासाठी हुतं." त्यांनी स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "हा मेला चढू देत न्हाई मला. लग्न झाल्यापासनं दर गुरुवारी यांचा डबा केला, पन हा मानूस वर जाऊन करतो काय ते म्या एकदा बी बघितलं न्हाई. गडाला जायचं तर गुडघा, आनि हितल्या भिंतीवर जायचं तर लोक काय म्हनतील. हे म्हनले, तिकडं कोन वळकतंय आपल्याला? तू चल, खाली सावलीत बस, नुसती बघ. मीच म्हनलं हुतं, पासपोर्ट येईस्तवर कुणाला सांगू नका. भावकीत हसं नको."

पासपोर्ट आला होता. दहाव्याच्या आदल्या दिवशी पोस्टमन देऊन गेला, म्हणाल्या.

मला एकदम हलकं वाटलं, ते खोटं कशाला सांगू. तो आजारी नव्हता, मी काही नजरेआड केलं नव्हतं. आणि दुसऱ्याच क्षणी जे वाटलं ते आधीच्यापेक्षा जड होतं. हा आडमुठा माणूस एवढा युरोप एका गुडघ्यासाठी चाळत होता. चढाईला जागा चांगली की वाईट हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. त्याला फक्त खाली बसलेल्या बाईनं वर बघायला हवं होतं.

"एलफ्रुआदला सावली आहे," मी म्हणालो. "पाइनची झाडं आहेत. संडासही आहे. मी बघून ठेवलं होतं." मग म्हणालो, आपण जाऊ. माझी बायकोही येईल. तुम्ही सावलीत बसा, त्याला ज्या वाटा चढायच्या होत्या त्या मी चढतो.

"आनि तुमचा दोर कोन धरनार?"

तिथं लोक भेटतात, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "नुसतं सावलीत बसायला मी येनार न्हाई आता. ज्याला बघायचं तो मानूस गेला. मी दोर धरनार असंल तर येते. उभं ऱ्हायला गुडघा चालतो माझा."

पुढच्या गुरुवारी मी त्यांना भिंतीवर घेऊन गेलो. कुणी काही म्हणालं नाही. साडीवर कमरेचा पट्टा नीट बसेना म्हणून माझ्या बायकोनं आपला सलवार-कुडता दिला होता. तो घालून वहिनी नव्या नवरीसारख्या अवघडल्या होत्या. तिथल्या प्रशिक्षकानं दोर कसा ओढून घ्यायचा, कसा अडकवायचा, माणूस खाली येताना हळूहळू कसा सोडायचा, हे परत परत दाखवलं आणि तो स्वतः त्यांच्या मागे जादा दोर धरून उभा राहिला. वहिनींनी एकच विचारलं, "हे कुठवर जायचे?" मी वरच्या टोकाकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंग तितवर जावा."

मी गाठ बांधली. खाली बघायचं नाही असं ठरवून चढलो. बोटं आखडलेली, इतक्या आठवड्यांत चढाई नव्हती. दोर मात्र इंचाइंचानं वर खेचला जात होता, जरा जास्तच घट्ट. टोकाला पोचलो, वरच्या पकडीला हात लावला आणि दोरावर भार टाकून मागे टेकलो. तेव्हा खाली बघितलं. वहिनी मान पूर्ण मागे टाकून वर बघत होत्या. दोन्ही मुठींत दोर, चेहरा भिजलेला, आणि डोळे माझ्यावर नव्हते. मी जिथं लटकत होतो त्या जागेवर होते.

"वहिनी, झालं. आता सोडा हळूहळू, खाली येतो."

त्या हलल्या नाहीत. प्रशिक्षक त्यांच्या कानाशी काही बोलला. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"सोडा ना, वहिनी."

"न्हाई सोडनार," त्या खालून म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं नाही. तिथंच लटकत राहिलो.